नवसाचा दगड

मनीषा नाशिकच्या एका लहानशा ट्रॅव्हल कंपनीत गाइड होती. दर रविवारी ती बसभर माणसं येवल्याकडे घेऊन जायची. सकाळी पैठणीचे माग, दुपारी अंकाईच्या किल्ल्याचा पायथा आणि उन्हं कलताना काळविटांचं माळरान.

१९९८च्या हिवाळ्यात एका रविवारी काळविटांनी दगा दिला. नजर पोचेल तिथवर पिवळं गवत, वारा आणि साड्यांत घुसलेली कुसळं.

"हे बघायला आणलंत होय?" मागून कुणीतरी म्हणालं.

जवळच एक वीरगळ उभा होता. गावची गुरं पळवणाऱ्यांशी लढताना मेलेल्या कुणा गुराख्याची ती आठवण. खाली गाई कोरलेल्या, वर चंद्र-सूर्य. मनीषा ते सांगू लागली, तर लोक बसकडे वळायला लागले. तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "हा दगड नवसाला पावतो बरं का! एका राणीला मूल होत नव्हतं. तिनं याला मिठी मारली आणि वर्षाच्या आत पाळणा हलला."

लोक परत फिरले. दोघीतिघींनी दगडाला हात लावून डोळे मिटले. परतीच्या वाटेवर बसमध्ये त्याच राणीची चर्चा होती. त्यानंतर काळविटं दिसोत न दिसोत, मनीषा राणी सांगायचीच. दर खेपेला राणीला नवीन काहीतरी चिकटायचं, कधी सवत, कधी स्वप्न.

पावसाळ्यात या सहली बंद असत. पुढच्या हिवाळ्यात पहिली बस घेऊन ती आली, तर दगड शेंदरानं माखलेला. गाई शेंदराखाली बुजून गेल्या होत्या. दगडाला गाल टेकवून एक बाई बसली होती, तिचा नवरा नारळ घेऊन मागे उभा होता.

मनीषाला पाहताच बाई लगबगीनं उठली. "तुम्हीच ना त्या ताई? मी बयाबाई. आम्ही नामपूरहून आलो. माझी नणंद तुमच्या बसमध्ये होती. तिनंच सांगितलं."

"दवाखाना... दाखवलंत का कुठं?" मनीषानं कसंबसं विचारलं.

"नाशिकच्या डॉक्टरणीची औषधं चालू होती. आता सोडली. म्हटलं, एकावर तरी पुरा भरवसा ठेवावा."

मागे तिची माणसं उतरत होती, राणीची गोष्ट ऐकायला जवळ येत होती. तिला वाटलं, गप्प बसावं. बाई नारळ फोडेल, जाईल, कुणाला काही कळायचं नाही. पण ती औषधं डोळ्यांपुढून हलेनात.

"बयाबाई, राणी नव्हती कुणी. मी बनवून सांगितलं. त्या दिवशी लोक कंटाळले होते म्हणून. तुम्ही औषधं परत सुरू करा. मी पाया पडते तुमच्या."

नवरा, वाल्मीक, बायकोकडे पाहत राहिला. "काय सांगी राहिनी ही?"

बयाबाई मनीषाकडे वळली. मनीषाच्या सहलीतली माणसं जागच्या जागी थांबली होती.

"तुम्हाला लेकरू आहे, ताई?"

"एक मुलगी आहे."

"मग तुम्ही कुठल्या दगडाला मिठी मारली होती?"

बयाबाईनं गालाला लागलेला शेंदूर पदरानं खसाखसा पुसला. नवऱ्याच्या हातातला नारळ घेऊन पिशवीत टाकला आणि ती चालू लागली.

"बसमध्ये जागा आहे, येवल्यापर्यंत सोडते," मनीषा मागून म्हणाली. वाल्मीक क्षणभर थांबला. बायको थांबली नाही, तसा तोही गेला.

त्या दिवशी काळविटांचा अख्खा कळप गवतातून उड्या मारत गेला. लोक फोटो काढत होते. मनीषाकडे कुणी काही विचारायला आलं नाही.

परतताना बसनं त्या दोघांना रस्त्यात गाठलं. धूळ उडू लागली तशी बयाबाई कडेला सरली आणि तिनं तोंडावर पदर घेतला. ड्रायव्हरशेजारी बसलेल्या मनीषानं खिडकीकडून मान फिरवली, आणि आपण मान फिरवली याचीच तिला नाशिक येईपर्यंत लाज वाटत राहिली.