तेजोबाबांची कावीळ

"बाळ गुलाबी केलंस, तर केलंय म्हणून सांगत जा," जयंतकाका मला म्हणाले होते. सरकारी खात्यात तीस वर्षं फोटो काढून निवृत्त झालेला माणूस. पोर्ट्रेट काढायला मी त्यांच्याकडेच शिकले. "काका, स्वतःच्या जाहिरातीत असं कुणी सांगतं का?" म्हणत मी ते हसण्यावारी नेलं.

तेव्हा माझा धंदा नुकता कुठे उभा राहत होता. दिल्लीत आर. के. पुरममधल्या आमच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत, आठ महिन्यांच्या लेकीला, राधाला, कडेवर सांभाळत, मी तान्ह्या बाळांचे फोटो काढायचे. पद्धत ठरलेली. निवड करायला त्याच संध्याकाळी कच्चे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर, आठवड्याने पक्के. पक्क्यात ओरखडे गायब, रंग गुलाबी. नवी बाळं पुष्कळदा पिवळसर असतात. मी सरसकट सगळ्यांना गुलाबी करायचे.

मार्चमध्ये एकाएकी फोन वाढले. "तेजोबाबांनी तुमच्याकडेच पाठवलंय." मी खूश! फुकटची जाहिरात कुणाला नको? मीच माझ्या कार्डांचा गठ्ठा बाबांच्या सत्संगात ठेवून आले.

एका रविवारी राधाला कडेवर घेऊन दुसरा गठ्ठा द्यायला गेले, तर हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. आया, आज्या, दुपट्यातली बाळं. स्टेजवर पांढऱ्याशुभ्र शालीतले तेजोबाबा, पूर्वाश्रमीचे इन्व्हर्टर विक्रेते. मागे भला मोठा स्क्रीन.

"देखिए! हे बाळ आमच्याकडे आलं तेव्हा कसं होतं? पीतछाया! डॉक्टर म्हणाले, दिव्याखाली ठेवा. अरे, त्यांचा दिवा विजेवर चालतो, आमचा ब्रह्मांडावर! लोडशेडिंग नाही, बिल नाही! सात दिवस तीर्थाचा एकेक थेंब, आणि आता बघा!"

स्क्रीनवर तेच बाळ, गुलाबी गुलाबी. हॉलभर "जय हो!"

दोन्ही फोटो माझे होते. एक कच्चा, एक पक्का, बाळाच्या आईकडून बाबांपर्यंत पोचलेले. दोन्ही एकाच दिवशी, एकाच मिनिटाला काढलेले. खाली कोपऱ्यात माझ्या स्टुडिओचा शिक्कासुद्धा होता.

"अगं, तुझे फोटो बघूनच आलो आम्ही!" शेजारून देविका म्हणाली. आमच्या मागच्याच ब्लॉकमधली. मांडीवर बारा दिवसांचा अथर्व. "सोमवारी डॉक्टरांनी रक्त तपासायला बोलावलं होतं, गेलोच नाही. आता किती गुणी झालाय बघ. दिवसभर झोपतो, दुधालाही उठत नाही."

झोपलेल्या राधाच्या नाकाशी दिवसातून दहा वेळा बोट धरणारी मी; मला हा गुणीपणा काही पटेना.

"देविका, आत्ता ऊठ. दवाखान्यात चल."

"का? तू काय डॉक्टर आहेस?"

"नाही, फोटोवाली आहे. म्हणूनच सांगतेय. तो रंग मी भरलाय."

"काहीतरीच! बाबांसमोर बोलून दाखव."

दाखवलं. राधाला तिच्या शेजारी बसवून स्टेजवर गेले. "बाबा, एक फोटो?" बाबांनी लगेच हात उंचावून पोझ दिली. "हा स्क्रीनवर लावू या ना," म्हटल्यावर त्यांच्याच सेवकाने कौतुकाने माझा फोन जोडून दिला.

फोनवरच्या रंग बदलायच्या पट्टीवर मी अंगठा डावीकडून उजवीकडे सरकवला. बाबा पिवळेधमक! शालसुद्धा.

"अय्या, बाबांना कावीळ झाली!" पहिल्या रांगेतली एक आजी ओरडली. हॉलभर हशा पिकला.

अंगठा मागे नेला. बाबा गुलाबी.

"आणि ही बरी झाली," मी म्हटलं. "तीर्थ नको, सात दिवस नकोत. तुमच्या बाळांचे फोटोही मी असेच रंगवलेत. चूक माझी. सांगायला हवं होतं."

"श्रद्धा नाही हिच्यात!" बाबा गरजले. स्क्रीनवर त्यांचाच गुलाबी चेहरा हसत होता.

"मग माझा नातू बरा झाला तो?" त्या आजींनी विचारलं.

"आजी, बहुतेक बाळांची कावीळ आपोआपच उतरते. त्यावरच तर बाबा चालतात. पण कुणाची उतरणार नाही, ते ना माझा फोटो सांगतो ना बाबा. रक्ताची तपासणी सांगते."

देविका कधी उठली, कळलंच नाही. खिडकीपाशी उन्हाच्या उजेडात तिने दुपटं सोडलं. अथर्वच्या नाकावर बोट दाबून उचललं. पिवळं. छाती पिवळी, पोट पिवळं, पावलांपर्यंत पिवळं.

"रिक्षा बोलाव गं," एवढंच ती म्हणाली.

त्याच विजेवर चालणाऱ्या दिव्याखाली अथर्व तीन दिवस होता. "आणखी थांबला असतात तर मेंदूपर्यंत गेलं असतं," डॉक्टर म्हणाल्या. आता तो दुधासाठी अख्खा ब्लॉक डोक्यावर घेतो.

माझी गिऱ्हाइकं निम्मी झाली. नव्या कार्डावर मी ठळक छापलंय: 'फोटोतला रंग मी दुरुस्त केलेला असतो. बाळाची तब्येत डॉक्टरांना दाखवा.' जयंतकाकांनी त्यातली पन्नास कार्डं स्वतः वाटायला नेली.

तुमच्या ओळखीत कुणी नुकती बाळंतीण झालीय का? तिने पाठवलेल्या फोटोखाली बदाम टाकून थांबू नका. उद्या सकाळीच जा. बाळाला खिडकीपाशी उघड्या उजेडात नीट बघा. दूध ओढतंय का, विचारा. पिवळं दिसलं, सुस्त वाटलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. फोटोवर जाऊ नका. फोटो माझ्यासारखीनेच काढलेला असतो.