जेली गाळायचे फडके

मित्रांनो, मी एक जुने फडके आहे. सांगण्याजोगे माझ्याकडे काही आहे का, याची मलाच शंका आहे, तरी ऐका.

मी मुळात एका जाड सुती चादरीचा कोपरा. घरातल्या थोरल्या जावेने मला कापले, कडा दुमडून शिवल्या आणि पेरूची जेली गाळायला ठेवले. झाड परसातच होते. शरदात ते लगडले की थोरली स्वतः फळे निवडायची: निम्मी पिकलेली, निम्मी करकरीत. करकरीत फळांशिवाय जेली धरत नाही. शिजलेले पेरू माझ्यात बांधून ती मला उलट्या स्टुलाच्या पायांना टांगायची. रस थेंबथेंब गळायचा. मला पिळायचे नाही, हा नियम. धाकटी जाऊ फक्त बाटल्या धुवायची. एकदा तिने मला जरासे दाबले, तेव्हा थोरली म्हणाली, "तू पिळलंस की जेली गढूळ, आणि तोंड उघडलंस की घर गढूळ."

धाकटी हसली, पण पुन्हा माझ्याजवळ आली नाही. फळे निवडायला तर तिला कधी बोलावलेच नाही. जेली मात्र अशी व्हायची की बाटलीतून पलीकडची खिडकी दिसे.

पुढे दोघींचे नवरे, सख्खे भाऊ, भांडले. परसात भिंत आली. झाड धाकटीकडे गेले आणि जावाजावांचे बोलणे तुटले. तरी पेरूचे दिवस आले तशी थोरलीने मला धुऊन वाळत घातले. नवऱ्याला म्हणाली, तिच्याकडून एक टोपली येऊ दे, पहिली बाटली मीच घेऊन जाईन.

टोपली आली. पिवळेधमक, घमघमणारे, एकूण एक पिकलेले पेरू. जेली धरली नाही, पाण्यासारखी वाहिली.

"मुद्दाम केलं," थोरली म्हणाली. "इतकी वर्षं माझ्या शेगडीपाशी वावरली. तिला ठाऊक नाही होय?"

तिला ठाऊक नव्हते. मला ते माहीत होते, पण फडक्याला तोंड कुठे असते? थोरलीने रिकामी टोपली भिंतीवरून पलीकडे टाकली. तिकडून आवाज आला, "जाऊबाई, निवडून पिकलेलेच दिले होते. गोड निघाले ना?"

थोरलीला तो टोमणा वाटला. तिने दार लावून घेतले.

आता पेरू पलीकडे पडून सडतात. वास इकडे येतो. मी फरशी पुसते. ज्याला कधी पिळायचे नाही, ते मी रोज बादलीवर पिळले जाते.

मित्रांनो, मला जपा असे म्हणत नाही. फडकी पुष्कळ मिळतात. पण ज्याला बाटल्या धुवायला बसवाल, त्याला फळे निवडायलाही शिकवा.