दोर किती ओढायचा

जमीलनं तिसऱ्या होडीच्या बुडावर बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान जवळ नेला आणि मान हलवली.

“ही नको सर. हिच्यात चीर हाय.”

विश्वंभर सर फोटो काढण्यात गुंतले होते. हिला कयाक म्हणायचं, होडी नाही, हे त्यांनी वसमतहून निघाल्यापासून चारदा सांगून झालं होतं. जमील हमालाला त्यांनी आणलं होतं टेंपो चालवायला आणि माल बांधायला. निवडायला ते स्वतः होते. कॉलेजात तीस वर्षं खेळ शिकवून निवृत्त झालेला माणूस. आता दर रविवारी बारा माणसांना पूर्णा नदीतून फिरवून आणायचं म्हणून त्यांनी एक गट काढला होता, आणि विदर्भातल्या या धरणावरचा बंद पडलेला बोट क्लब जुन्या कयाका मोडीत काढतो आहे अशी खबर त्यांनाच लागली होती. शेडमध्ये चौदा पडून होत्या. त्यांतल्या दोघादोघांच्या सहा घ्यायच्या होत्या.

सरांचा जीव लांब, निमुळत्या, वरून बंद असलेल्या कयाकांवर गेला होता. त्यांत माणूस कमरेपर्यंत भोकात जाऊन बसतो. फोटोत त्या झकास दिसतात. फोटोत दिसणं ही आपल्याकडं निम्मी निवड असते.

“यात बसणार कोण हाय?” जमीलनं विचारलं.

आपले सभासद, असं सर तुटकपणे म्हणाले. जमील त्या सभासदांना ओळखत होता. बँकेतले लोक, दोन मेडिकलवाले, महिला मंडळातल्या सहा जणी. त्यांतल्या अर्ध्याहून जास्त जणांना टेंपोत चढायलाही स्टूल लागायचं.

“मंग पलटी झाली तर त्यायला या भोकातून बाहेर कोण काढणार?”

सर पुढचा फोटो काढायला वळले. तेव्हा जमील स्वतःच त्या भोकात शिरून बसला. छपन्न वर्षांचा माणूस, गुडघे कामातून गेलेले. बसला तो बसलाच. शेवटी क्लबचा म्हातारा राखणदार उत्तमसिंग आणि सर, दोघांनी बगलेत हात घालून त्याला उपसून काढलं.

“जमिनीवर हे हाल,” उत्तमसिंग हसून म्हणाला, “पाण्यात तर मयतावरचा फातिहाच पढावा लागला असता, भाई.”

मग जमीलनं एका रुंद, वरून उघड्या कयाकचं एक टोक उचललं, दुसरं सरांना उचलायला लावलं आणि शेडभोवती एक चक्कर मारली. सडकेपासून पूर्णेच्या घाटापर्यंत काळ्या रानातली पायवाट आहे, तिथं टेंपो जात नाही, आणि हे वजन बायांना उचलायचं आहे, एवढंच तो चालता चालता बोलला. चक्कर पुरी होईस्तोवर सरांना धाप लागली होती. त्यांनी बाजूला जाऊन फोन लावला. गटाचं सगळं लिहिणं-पुसणं बँकेतल्या साधनाताई पाहायच्या. त्यांना सर सांगत होते, “मी उघड्या घेतोय. सगळा विचार केला मी. ग्रुपसाठी त्याच बराबर.”

जमीलनं ते ऐकलं आणि दोर काढायला टेंपोकडं गेला. ज्याच्या हातात अक्कल असते त्याला आपल्याकडं हमाल म्हणतात आणि ज्याच्या तोंडात असते त्याला सर. याचं जमीलला कधीच काही वाटलं नव्हतं. राग आला पाहिजे तो तुम्हा-आम्हाला.

आता दोराचं सांगायला हवं. वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे हळदीच्या बाजारात, जमीलचं पोट एका गोष्टीवर चाललं होतं, ती म्हणजे त्याची बांधणी. गुडघे गेल्यापासून त्याला पोतं उचलता येत नव्हतं, पण हळदीच्या ट्रकवर दोर आवळायला अडते त्यालाच हाक मारायचे. पोती रस्त्यावर हादरून खाली बसतात आणि दोर सैल पडतो. म्हणून निघतानाच काठीनं पीळ देऊन दोर इतका आवळायचा की बोटानं छेडला तर वाजला पाहिजे. तीस वर्षांत त्यानं बांधलेला एकही माल सरकला नव्हता. ‘जमीलनं बांधलंय’ म्हटलं की ड्रायव्हर दोराला हात न लावता गाडी काढायचा. गावात त्याच्या नावावर दुसरं काही नव्हतं. हे होतं.

तीन खाली, तीन वर, अशा कयाका त्यानं पालथ्या घातल्या, मागं लाल फडकं लावलं आणि त्यांच्या पोटावरून दोर टाकून पीळ द्यायला लागला. उत्तमसिंग बघत होता. तो जवळ आला.

“इतका ताणू नको भाई. हे पोतं न्हाई, पिलास्टिक हाय. उन्हात मऊ पडतंय. कडेवर उभ्या कर अन् सैल बांध.”

दुसरं काहीही कुणी सांगितलं असतं तर जमीलनं ऐकलं असतं. बांधणीचं त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं, त्याच्या बापानंतर.

“तुमी राखण करा,” तो म्हणाला.

“आणखी ओढ,” सर केबिनमधून म्हणाले. जमीलनं आणखी एक पीळ दिला. दोर वाजला.

ऑक्टोबरचं ऊन होतं. कळमनुरीत आठवडी बाजार भरला होता, तिथं सर जेवायला उतरले. तेवढ्यात टेंपोभोवती माणसं जमली. पाण्याच्या टाक्या का, कुणी विचारलं. एका म्हातारीनं विचारलं, एवढाले पाळणे कुण्या लेकरासाठी? सरांना श्रोते दिसले की त्यांचा पाय निघत नाही. नदी, आरोग्य, परदेश असं सगळं ते भर उन्हात दीड तास सांगत राहिले. जमील टेंपोच्या सावलीत बसला. वर दोर तसाच आवळलेला होता आणि त्याच्याखाली प्लास्टिक मुकाट्यानं आत जात होतं.

ते दिसलं दुसऱ्या दिवशी सकाळी, सरांच्या अंगणात. साधनाताई आणि पाच-सहा सभासद कयाका बघायला आले होते. जमीलनं दोर सोडला. वरच्या दोन कयाकांच्या बुडात, बरोबर दोराखाली, तळहात मावेल एवढे खड्डे पडले होते. दोर निघाला तरी खड्डे राहिले.

सभासद वाकून खड्डे बघायला लागले. मग सर बोलले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

“हळदीची पोती बांधणाऱ्याला काय कळणार? चूक माझीच. कुणाला सांगितलं मी!”

जमीलला बोलण्यासारखं पुष्कळ होतं. आणखी ओढ कोण म्हणालं, दीड तास उन्हात गाडी कुणी उभी केली, हे त्याच्या जिभेवर आलं. काहीतरी आलंय एवढं साधनाताईंनाही दिसलं. ते त्यानं गिळलं. कारण खरं काय होतं ते त्याला ठाऊक होतं. सरांचं सोडा, त्याला सांगणाऱ्यानं सांगितलं होतं.

“म्या बांधल्या,” तो म्हणाला. “मीच नीट करून देतो. रविवारच्या आत.”

“आणि नाही झाल्या तर?” साधनाताईंनी विचारलं. त्यांचा सूर भांडणाचा नव्हता. बारा जणांची नावं लिहून झाली होती आणि जागा आठच उरल्या होत्या.

“न्हाई झाल्या तर मोंढ्यात जाऊन सांगा, जमीलनं बांधलेला माल बिघडला म्हणून.”

दोन्ही कयाका त्यानं घरी आणल्या. त्यांनी सगळं अंगण व्यापलं. दुपारी त्यानं उत्तमसिंगला फोन लावला. ‘मी सांगितलं होतं’ असं तो एकदा तरी म्हणेल, म्हणून जमील तयार होता. उत्तमसिंग म्हणाला नाही. पालथ्या उन्हात ठेव, चांगल्या तापू दे, मग खड्ड्यावर उकळतं पाणी ओत आणि आतून दाब, घाई करू नको, एवढं सांगून त्यानं फोन ठेवला.

जमीलची बायको मुन्नी दोन दिवस बंब पेटवत होती. ती पाणी ओतायची आणि जमील कयाकच्या पोकळ पोटातल्या सामानाच्या कप्प्याचं झाकण उघडून, खांद्यापर्यंत हात घालून, मुसळाला चिंध्या गुंडाळून, आतून रेटत राहायचा. पहिल्या दिवशी काही झालं नाही. संध्याकाळी ती ओट्यावर टेकली.

“तीस बरस रस्सी खींचे,” ती म्हणाली, “कभी पूछे उसको, कित्ता दुखता बोलके?”

जमील हसला नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी आत ‘टप्प’ असा आवाज झाला आणि पहिला खड्डा वर आला. दुसरा संध्याकाळपर्यंत आला. दोराची एक पांढुरकी रेघ तेवढी दोन्हींवर राहिली.

मुन्नीनं जुन्या बाजेची नवार उसवून काढली, दुहेरी करून तिचे पंजाएवढे रुंद पट्टे शिवले. शनिवारी जमीलनं सहाही कयाका टेंपोत कडेवर उभ्या केल्या, मधे गोधड्या घातल्या आणि वरून पट्टे टाकले. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत, असं पुन्हा फोन केला तेव्हा उत्तमसिंगनं सांगितलं होतं. जमीलच्या हाताला ते जमेना. हात आपला ओढूनच घ्यायचा. मग तो सैल करायचा, पुन्हा बांधायचा. दहा-बारा वेळा केलं तेव्हा कुठं हात जिथं थांबायचा तिथं थांबला. असा सैल माल नेणं म्हणजे माणसाला भर बाजारात उघडं उभं केल्यासारखं त्याला वाटत होतं. रविवारी सकाळी घाटापर्यंत त्यानं टेंपो बैलगाडीसारखा चालवला, आणि त्याची नजर रस्त्यापेक्षा आरशात जास्त होती.

घाटावर सगळ्यांनी अंगावर फुगीर जाकिटं चढवली. चार कयाका लगेच भरल्या. रेघा असलेल्या दोन तशाच राहिल्या. एक मेडिकलवाला म्हणाला की आपण पुढच्या रविवारी येऊ. सर म्हणाले की त्या दोन ठेवा टेंपोत.

साधनाताई पदर खोचून जमीलजवळ आल्या.

“जमीलभाई, खरं सांगा. हिच्यात बसू का मी?”

‘बसा’ म्हणणं सोपं होतं. जमीलनं ते म्हटलं नाही.

“थांबा बाई,” म्हणून त्यानं चपला काढल्या, त्यांचंच जाकीट मागून घेतलं आणि कयाकमध्ये बसला. त्याला पोहता येत नव्हतं. हे घाटावर कुणाला माहीत नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. वल्हं त्यानं फावड्यासारखं धरलं. मधल्या पाण्यापर्यंत गेला, गोल गोल फिरला, कमरेपर्यंत भिजला, आणि परत आला. मग दुसरी घेतली. तीही तशीच फिरवून आणली.

“कुठं लचकत न्हाई,” तो धापा टाकत म्हणाला. “सरळ जातील. मलाच नेता येत न्हाईत.”

साधनाताई बसल्या. मग बाकीचेही बसले. सहाही कयाका वळणाआड गेल्यावर जमील ओल्या पायजम्यानंच रिकामा टेंपो घेऊन सडकेनं खालच्या घाटावर गेला. तीन तासांनी सगळे आले, उन्हानं लाल झालेले, हसत. तो पुन्हा पट्टे टाकत असताना सर सभासदांना समजावत होते: कयाक नेताना पट्टा कधी आवळायचा नसतो, दोन बोटं जातील एवढी जागा सोडायची असते. एकानं ते फोनवर चित्रितही करून घेतलं. साधनाताईंनी जमीलकडं पाहिलं. तो गोधडी नीट करत होता.

“पुढच्या रविवारी सातला ये,” सर जाता जाता त्याला म्हणाले.

सोमवारी मोंढ्यात दिवाळीच्या तोंडावरची गर्दी होती. साठवलेली हळद बाहेर निघाली होती. पहिल्या ट्रकवर थप्पी लागली तशी जमीलला हाक आली. तो वर चढला, दोर टाकला, काठी घातली, पीळ दिला. मग हात थांबला. त्यानं गाठ मारली आणि उतरला. खाली आल्यावर त्याला उगाच वाटलं म्हणून त्यानं दोराखाली बोटं घातली. दोन बोटं सहज गेली.

तो रांजणाकडं पाणी प्यायला गेला. तिथून त्याला दिसलं, संतराम हमाल इकडंतिकडं बघत ट्रकवर चढला. संतराम त्याच्यासोबत अठरा वर्षं मोंढ्यात होता आणि जमीलनं बांधलेल्या दोराला त्यानं आजवर हात लावला नव्हता. त्यानं काठी धरली आणि एक पीळ दिला. मग आणखी एक.

जमीलनं पेला खाली ठेवला होता. तो त्यानं पुन्हा भरला आणि संतराम खाली उतरेपर्यंत, काही पाहिलंच नाही असा ट्रककडं पाठ करून, घोट घोट करत पीत राहिला.