लाल टाचण्यांचं पोस्टर

आमच्या विभागाच्या व्हरांड्यात एक लांबलचक भिंत आहे आणि तिच्यावर माझं राज्य चालतं. दर वर्षी माझे विद्यार्थी गटागटाने एक छोटा सिनेमा करतात, त्याचं पोस्टर करतात आणि त्याच सिनेमावर एका काल्पनिक मासिकाचं मुखपृष्ठही करतात. पोस्टर भिंतीवर लागलं की मी त्याच्या नावावर कोरा कागद चिकटवते आणि खाली पाच डब्यांत पाच रंगांच्या टाचण्या ठेवते. लाल म्हणजे भयपट, निळी म्हणजे रहस्य, गुलाबी प्रेम, पिवळी विनोद, हिरवी घरगुती गोष्ट. येणाऱ्या-जाणाऱ्याने चित्र बघायचं, सिनेमा कोणत्या प्रकारचा ते ओळखायचं आणि त्या रंगाची टाचणी कडेला टोचायची. विद्यार्थ्यांनी अवाक्षर काढायचं नाही, मीही नाही. पोस्टरबरोबर समजावून सांगणारा माणूसही लटकवावा लागत असेल तर ते पोस्टर कसलं?

यंदा एका पोस्टरच्या चारही कडा लालेलाल झाल्या. ते पोस्टर पेन्सिलचं होतं. ही मुलगी उंच, सडपातळ आणि केसांत कायम एक पेन्सिल खोचलेली, म्हणून वर्गाने तिचं बारसं आधीच उरकलं होतं. चित्रात रात्रीची एक बंद खिडकी होती, सगळं निळसर काळं. काचेमागे एक बाई, अर्धा चेहरा अंधारात, तळहात काचेवर सपाट टेकलेला, आणि तोंडासमोर काचेवर श्वासाची वाफ. इतिहासाचे सर लाल टाचणी टोचून म्हणाले, "बाई, आज माझ्या झोपेचं खोबरं केलंत तुम्ही."

पेन्सिलच्या गटात एक मुलगा आहे, भोंगा. तो हळू बोलला तरी तळमजल्यावर ऐकू जातं. तो नाचायलाच लागला. "मॅडम, शंभर टक्के लाल! रेकॉर्ड आहे हे!"

"अरे शहाण्या, तुमचा सिनेमा भयपट आहे का?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला आणि एकदम त्याचा आवाज बसला.

पेन्सिल तोंड फिरवून उभी होती. मी तिला खोलीत नेलं, पाणी दिलं. मला रडणारी मुलं झेपत नाहीत, मी लगेच चिडते. म्हणून मी चिडूनच विचारलं, "काय झालं ते सांगशील का आता?"

"ती माझी आई आहे, मॅडम," ती म्हणाली. "भूत नाहीये ती. ती वाट बघतेय."

मग सगळं बाहेर आलं. वडील लवकर गेले. आई औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहून दोघा मुलांना वाढवत होती. मोठ्या मुलाने शिक्षण मध्येच सोडलं आणि फोटोकॉपीची मशीनं दुरुस्त करायचं काम धरलं. आईच्या तोंडून रागात निघून गेलं, "या घरात परत पाऊल टाकू नकोस." पोराने शब्द खाली पडू दिला नाही. तेव्हापासून तो दुसरीकडे खोली घेऊन राहतो. बहिणीचा फोन उचलतो, पण आईचा विषय निघाला की म्हणतो, "घरचं सोडून बोल."

"आणि आई?"

"आई रोज संध्याकाळी दुकानातून आली की खिडकीत उभी राहते. विचारलं तर म्हणते, हवा बघतेय. मी म्हटलं, आई, हवा बघायला खिडकी उघडतात. तर माझ्यावरच ओरडली."

या मुलीने सिनेमा केला होता तो त्या खिडकीवर. आईने "अभ्यासाला लागतंय ना, घे काय घ्यायचं ते" म्हणून परवानगी दिली होती. आणि तो केला होता फक्त एका प्रेक्षकासाठी. आमच्या कार्यालयातलं फोटोकॉपीचं मशीन बिघडलं की दुरुस्तीला जो पोरगा येतो तोच तिचा दादा. कार्यालयात जायचं तर या व्हरांड्यातूनच जावं लागतं. सरळ बोलावलं तर तो येणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पोस्टर बघून तो थांबला, त्याला सिनेमा बघायला आत यावंसं वाटलं, तरच.

"आणि दादा भुताचे पिक्चर बघत नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "लहानपणापासून. जाहिरात लागली तरी उठून जायचा."

मी कपाळाला हात लावला. आईच्या मायेला सगळं कॉलेज भुताटकी म्हणत होतं आणि ज्याला दाखवायचं तो नेमका भुताला घाबरणारा.

दुपारी व्हरांडा रिकामा झाला तेव्हा मी त्या पोस्टरसमोर खुर्ची टाकून बसले. मला खरंच कळेना. लोक घाबरतात ते नेमकं कशाला? मी हाताने एकेक भाग झाकून बघायला लागले. निळा रंग जबाबदार असेल म्हणून पिवळा जिलेटीन कागद धरला, तर भीती थोडी ओसरली, गेली नाही. अर्धा काळा चेहरा झाकला, तरी छातीत धस्स व्हायचं ते व्हायचंच. तळहात झाकला आणि बाई एकदम साधी झाली. हात काढला, पुन्हा अंगावर काटा. आता भयपटवाल्यांनी काचेवरचा हात इतक्या वेळा वापरलाय की तो त्यांच्या मालकीचाच झालाय, हे मी वर्गात दर वर्षी शिकवते. प्रेमकथेत दोन चेहरे आणि मध्ये थोडी जागा, विनोदी सिनेमात पांढरी पार्श्वभूमी आणि कोणाच्या तरी उडालेल्या भुवया, रहस्यात ओला रस्ता आणि पाठमोरा माणूस. या सगळ्या ठरलेल्या खुणा आहेत, बघणाऱ्याला सेकंदात कळतात. पण एवढ्यावर माझं समाधान होईना.

मग मी खुर्ची पुढे घेतली, मागे घेतली, आणि लक्षात आलं की कॅमेरा घराबाहेर आहे. म्हणजे बघणारा बाहेर अंधारात उभा आणि ती बाई सरळ त्याच्याकडे बघतेय. ज्याची वाट बघतेय त्याच्याच जागेवर आपण जाऊन उभे राहतो. आपला तिचा काही संबंध नाही, आणि तरी ती आपल्याकडे इतक्या आशेने बघते की पळून जावंसं वाटतं. मला या शोधाचा इतका आनंद झाला की मी एकटीच "अस्सं होय!" म्हणून ओरडले आणि झाडूवाल्या मावशींनी लांबूनच विचारलं, "बाई, बरं आहे ना?"

दुसरी गंमत मुखपृष्ठाने केली. पेन्सिलने तोच फोटो मासिकासाठी वापरला होता. वर मासिकाचं ठसठशीत नाव, आईचं डोकं त्या नावाच्या दोन अक्षरांवर चढलेलं, कडेला चार ठळक ओळी, कोपऱ्यात किंमत आणि काळ्या रेघांचा चौकोन. ते शेजारीच लावलं. इतिहासाचे सर पुन्हा आले, चष्मा वर करून म्हणाले, "या बाई पूर्वी सिनेमात असायच्या ना? काय अभिनय करायच्या हो!"

"कोणत्या सिनेमात?" मी विचारलं.

"नाव आठवत नाही, पण मी बघितलाय," ते ठामपणे म्हणाले.

तीच बाई, तोच हात, तीच वाफ. पोस्टरवर चेटकीण आणि वीतभर पलीकडे मुखपृष्ठावर गाजलेली नटी. मासिकाचं नाव डोक्यामागे गेलं की माणूस मोठा होतो, हे शिकवत आले होते, पण इतकं रोखठोक घडताना बघितलं नव्हतं. पेन्सिलला मात्र हसू आलं नाही. मासिकाच्या नटीसाठी कोणी थांबत नाही, म्हणाली, नुसतं बघून पुढे जातात.

तेव्हा मी तिला पोस्टर बदलायला लावलं. सगळा हिशोब मांडून दिला. खिडकी उघडी घे, उजेड पिवळा ठेव, आईला थोडं हसायला सांग, अक्षरं हाताने लिहिल्यासारखी गोल कर. पोरीने मान खाली घालून सगळं केलं. पोस्टर लागलं आणि धडाधड हिरव्या टाचण्या पडल्या. एकही लाल नाही. माझ्या पद्धतीप्रमाणे काम फत्ते, पैकीच्या पैकी गुण.

त्याच आठवड्यात दादा आला. मी खोलीच्या दारातून बघत होते आणि पेन्सिल माझ्यामागे श्वास रोखून उभी. बहिणीसारखाच उंच, हातात अवजारांची पेटी. तो पोस्टरवरून नुसती नजर फिरवून पुढे गेला, दुधाच्या नाहीतर विम्याच्या जाहिरातीवरून जावं तसा. स्वतःची आई भिंतीवर हसतेय हे त्याच्या गावीही नव्हतं.

"आई अशी हसतच नाही," पेन्सिल मागून म्हणाली. "मी तीन वेळा सांगितलं तेव्हा कुठे हसली. मॅडम, मला पहिलं पोस्टर परत लावायचंय."

"अगं, लोक पळतील!"

"पळू देत. लोकांना कुठे बोलावलंय मी?"

मला राग आला. माझ्या भिंतीवर, माझ्या पद्धतीला एका पोरीने असं तोंडावर नाही म्हणावं? पण राग गिळला, कारण खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं काय होतं ते. दुसऱ्या दिवशी हिरवं पोस्टर उतरलं आणि ती निळी काळी खिडकी परत लागली.

सिनेमे दाखवायचा दिवस आला. व्हरांड्याच्या टोकाच्या मोठ्या वर्गात पडदा लावला होता. पेन्सिलची आई दुकानातून सुट्टी घेऊन आली. पोस्टर बघून थबकली. "अगं बाई! मी एवढी भयंकर दिसते?" मग जवळ जाऊन न्याहाळलं आणि म्हणाली, "एक प्रत दे मला. दुकानात लावते. लोक गोळ्या वेळेवर घेतील." बाई गमतीशीर होती. मला ती फार आवडली आणि तिच्या पोराचा आणखीच राग आला.

त्या दिवशी सकाळीच कार्यालयातलं मशीन बंद पडलं होतं. आत कोणीतरी स्टेपलरच्या पिना टाकल्या होत्या म्हणे. भोंगा दिवसभर माझ्या नजरेला नजर देत नव्हता आणि मीही खोदून विचारलं नाही.

सिनेमे सुरू झाले. मी दाराबाहेर उभी राहून उशिरा येणाऱ्यांना आत सोडत होते. पेन्सिलचा सिनेमा लागला आणि तेवढ्यात दादा आला. पेटी हातात, चाल झपझप. भिंतीपाशी आला आणि थांबला. दोन पावलं मागे सरकला. मग पुन्हा पुढे आला. त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता.

"मॅडम," तो नजर न हलवता म्हणाला, "हा पिक्चर भुताचा आहे का?"

"तुम्हाला काय वाटतं?" मी नियमाला धरून विचारलं.

"ही माझी आई आहे."

"मग? काय करतेय ती?"

त्याने खूप वेळ बघितलं. "थांब म्हणतेय," तो म्हणाला. "हात बघा ना. येऊ नको म्हणतेय."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. इतक्या टाचण्या पडल्या, मी खुर्ची टाकून तासभर तो हात झाकला-उघडला, आणि ही गोष्ट माझ्या डोक्यातही आली नव्हती. हा पोरगा पळणार होता, आणि तोही भुताला घाबरून नव्हे. माझा नियम गेला खड्ड्यात.

"अरे बाळा," मी म्हटलं, "हाताचं सोड. काच बघ. ती वाफ दिसतेय? एवढी वाफ धरायला नाक काचेला लावून किती वेळ उभं राहावं लागत असेल? येऊ नको म्हणणारं माणूस असं उभं राहतं का?"

बोट पुढे करून त्याने पोस्टरवरची वाफ पुसल्यासारखं केलं. मग विचारलं, "रोज?"

"बहिणीला विचार. आत आहे ती. आईही आहे."

मला वाटलं आता हा वळून जाणार. त्याने पेटी या हातातून त्या हातात घेतली. मग माझ्या बाजूने दार ढकलून आत गेला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मीही मागोमाग गेले. पडद्यावर खिडकी होती, सिनेमा निम्मा होऊन गेला होता. प्रोजेक्टरपाशी बसलेल्या पेन्सिलला दारातून आलेल्या उजेडात तो दिसला. तिने काय करावं? चालू सिनेमा थांबवला आणि पहिल्यापासून लावला.

वर्गात कुजबूज सुरू झाली. "अहो, हा भाग झाला की!" इतिहासाचे सर मोठ्याने म्हणाले.

"ज्याला घाई आहे त्याने घरी जावं," मी म्हटलं.

काय गोंधळ चाललाय म्हणून पहिल्या रांगेत बसलेल्या आईने मागे वळून बघितलं. भिंतीला टेकलेला मुलगा तिला दिसला. ती उठली नाही, तिने हाक मारली नाही. शेजारच्या खुर्चीवर तिची पिशवी होती, ती तिने उचलून मांडीवर घेतली आणि पुन्हा पडद्याकडे तोंड केलं.