तीनशे फुटांचा फरक

फ्लाइंग क्लबात त्याला सगळे पाखरू म्हणायचे, आणि ते नाव काही उगाच पडलं नव्हतं. विमान त्याच्या हाती आलं की शहाण्यासारखं वागायचं. काकाने तर "आमचा हा पंख घेऊनच जन्माला आलाय" असं सांगून सगळ्या नातेवाइकांचे कान किटवले होते. वाईट इतकंच, की पाखरालाही ते खरं वाटायचं.

विमान कंपनीच्या मुलाखतीची तयारी मात्र त्याच्याकडून मास्तरणीने करून घेतली. ती आधी शाळेत गणित शिकवायची. नोकरी सोडून वैमानिक झाली तरी मास्तरीणच राहिली. "इथे नुसता हात नाही बघत, बाबा," ती बजावायची. "चूक दिसली की बोलतोस का, दुसऱ्याचं ऐकतोस का, त्यालाही गुण असतात." पाखरू जांभया द्यायचा. ती दोन महिने नेटाने त्याच्या मागे लागली.

त्याच नोकरीसाठी तिनेही अर्ज केला होता, आणि परीक्षेच्या सकाळी सिम्युलेटरमध्ये, म्हणजे सरावाच्या नकली विमानात, नेमकी दोघांची जोडी लागली. विमान तिच्या हातात, पाखरू शेजारी. टॉवरने हवेचा दाब सांगितला एक हजार आठ. घाईत तिने आपल्या उंची दाखवणाऱ्या यंत्रात भरला एक हजार अठरा. पाखराने स्वतःच्या यंत्रात बरोबर भरला होता. म्हणजे तिला उंची तीनशे फूट जास्त दिसत होती आणि विमान खरं तितकं खाली होतं. त्याला ते लगेच दिसलं. सांगायला त्याने तोंडही उघडलं, आणि मिटलं. नोकरीची जागा एकच आहे, अशी कालपासून कुजबुज होती.

चार मिनिटांनी जमीन जवळ आल्याचा भोंगा वाजला. "माझ्याकडे दे!" म्हणत पाखराने विमान इतक्या सफाईने वर काढलं, की मागे बसलेल्या परीक्षक कॅप्टनबाई लिहायचं विसरल्या.

दुपारी मुलाखतीत त्यांनी विचारलं, "दाबाचा आकडा चुकलाय, हे तुम्हाला आधी दिसलं होतं?"

"नाही, मॅडम."

"तीही तेच म्हणाली. चूक माझी, त्याला दिसली असती तर त्याने सांगितलीच असती, म्हणाली."

पाखराचे कान तापले. खोटं पचलं होतं, नोकरीही बहुधा पदरात पडत होती, पण त्याची मान काही वर होईना.

"दिसलं होतं," तो म्हणाला. "मुद्दाम गप्प बसलो."

कॅप्टनबाईंनी कागदावर काहीतरी खोडलं. "हात फार सुरेख आहे तुमचा," त्या म्हणाल्या. "या आता."

बाहेर मास्तरीण त्याच्यासाठी थांबली होती. "बरं झालं रे तू होतास. माझ्यापायी तुझंही बुडालं असतं. चुकलंच माझं."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत कबूल करणं त्यामानाने सोपं होतं. कॅप्टनबाई काही त्याच्या कोणी लागत नव्हत्या. भिंतीकडे बघत त्याने तिला सगळं सांगितलं. एकाच जागेची हावही लपवली नाही.



"म्हणजे चार मिनिटं," तिने सावकाश विचारलं, "तू माझ्या शेजारी बसून नुसता बघत होतास?"

"हो," तो म्हणाला.