दोन्हीकडून कातरलेली रेघ

राजानंद सरांचा, म्हणजे बाबांचा, ऑसिलोस्कोप बिघडल्याचं प्रीतीला पहिल्यांदा कळलं ते फोनवर, आणि तेही तिनं अर्ध्या कानानंच ऐकलं. पुण्यात ऑफिसच्या मीटिंगला उशीर होत होता.

"पडद्यावरची रेघ लई अंधुक दिसून राह्यली गं," बाबा म्हणाले होते. "अन् कडेपर्यंत पोचतच न्हाई. दोन्हीकडून कातरल्यावानी. हाय व्होल्टेज उतरलं असंल का?"

"जुना झालाय बाबा तो. ब्राइटनेस वाढवून बघा. मी आले की उघडू आपण."

पण ती आली ती भीमजयंतीला, आणि दुसऱ्याच दिवशी परत गेली. पुढच्या वेळी लग्न होतं, त्यापुढच्या वेळी ऑफिसचं काम सोबत होतं. बाबा दर वेळी निघताना आठवण करायचे आणि ती दर वेळी "पुढच्या खेपेला नक्की" म्हणायची.

सर आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही शिकवायचे. हा वजनदार विलायती स्कोप संस्थेनं भंगारात काढला, तेव्हा त्यांनी तो लिलावात घेतला आणि ऑटोत मांडीवर धरून जुन्या जालन्यातल्या घरी आणला. गोल हिरव्या काचेवर आवाजाची लाट कशी उमटते, ते प्रीतीनं शाळेत जायला लागायच्या आधीच पाहिलं होतं. बाबा तिच्यापुढं माईक धरायचे, ती स्वतःचं नाव मोठ्यांदा म्हणायची आणि काचेवर डोंगर उठायचे. त्या डोंगरांपायीच ती इलेक्ट्रॉनिक्सला गेली, असं आई सगळ्यांना सांगत असे.

मग गेल्या हिवाळ्यात बाबा गल्लीत एका मोटारसायकलवर आदळले. गाडी बाजूनं आली होती, ती त्यांना दिसलीच नाही. खांद्याचं हाड मोडलं, आणि त्या निमित्तानं डोळे तपासले तर काचबिंदू निघाला. नजरेची शीर बरीचशी सुकून गेली होती. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेली ती नजर परत येत नाही, उरली तेवढी थेंब घालून सांभाळायची.

"आधी काही जाणवलं नाही का, सर?" डॉक्टरांनी विचारलं होतं.

"न्हाई. बिलकुल न्हाई," बाबा म्हणाले होते, आणि ते मनापासूनच म्हणाले होते.

आता प्रीती रजा काढून आली होती. बाबा दिवसभर खाटेवर बसून असत. समोरचं माणूस त्यांना नळीतून पाहावं तसं दिसे, तेही धुरकट. एका दुपारी तेच म्हणाले, "तो स्कोप तर बघ. मला काय दिसायचं न्हाई, पण सुरू तर होऊ दे."

तिनं तो टेबलावर चढवला, चालू केला. पंखा घरघरला, दिवा लागला, काच मात्र काळीच. बंद करून तिनं मागचा पत्रा काढला.

"आधी चार्ज उतरव," खाटेवरून आवाज आला. "मंग हात घाल. अन् एक हात खिशात."

"हो बाबा."

बंद स्कोपमध्येही वीज दबा धरून बसते. तिनं ती रेझिस्टर जोडलेल्या तारेनं उतरवली, मग मीटर जोडून पुन्हा चालू केला. पडद्यावर रेघ उमटायला दीड हजार व्होल्ट लागतात. मीटरचा काटा सुरुवातीला निम्म्यावर गेला आणि स्कोप तापत गेला तसा खाली खाली येत राहिला. कुठंतरी वीज गळत होती.

तिनं एकेक भाग सोडवून पाहिला. तिसरा कपॅसिटर सुटताच व्होल्टेज उसळून वर आलं. तो कपॅसिटर नवाच होता, बाजारातला, विजेचा एवढा दाब न सोसणारा. त्याच्या शेजारचाही नवा. आणि व्होल्टेज कमीजास्त करायचा छोटा स्क्रू कुणीतरी शेवटापर्यंत पिळून ठेवला होता.

"बाबा, हे कपॅसिटर तुम्ही बदलले?"

"बदलले ना. रेघ अंधुक होती म्हणून. जुने त्या श्रीखंडाच्या डब्यात हैत. बदलून बी काही फरक पडला न्हाई, अन् मंग एक दिवस पार बंदच पडला."

डब्यात जुने कपॅसिटर होते. तिनं एकेक करून पूर्ण दाबाखाली तपासले. सगळे ठणठणीत. तेच तिनं परत बसवले, स्क्रू मूळच्या खुणेवर आणला. स्कोप चालू केला. थोड्या वेळानं काचेवर हिरवी रेघ उमटली, तलवारीसारखी लखलखीत, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

प्रीती हात पुसायचं विसरून बघत राहिली.

मुळात स्कोपमध्ये बिघाड नव्हताच; कातरली गेली होती ती बाबांची नजर. आणि हे तिला फोनवरच कळायला हवं होतं. हाय व्होल्टेज उतरलं की रेघ अंधुक होते, पण आखूड होत नाही, उलट लांब पसरते. अंधुक आणि आखूड, दोन्ही एकदम, हे त्या दोषात बसतच नव्हतं. ऑफिसात एखाद्या नवख्यानं असं सांगितलं असतं तर तिनं तिथल्या तिथं टोकलं असतं. बाबांनी सांगितलं तेव्हा मात्र ती चप्पल घालत होती. नुसतं येऊन एकदा त्यांच्या शेजारी बसली असती, तर म्हणाली असती, रेघ तर पूर्ण दिसतेय, बाबा. तेवढ्यावर सगळं उलगडलं असतं. तेव्हा पुष्कळ नजर शिल्लक होती.

"काय होता फॉल्ट?" बाबांनी विचारलं.

नवा कपॅसिटर गळत होता, एवढंच सांगून तिला सुटता आलं असतं. पण ज्या माणसानं तिला फॉल्ट शोधायला शिकवलं, त्याला अर्धं उत्तर द्यायला तिची जीभ वळेना. खाटेजवळ खाली बसून तिनं सगळं सांगितलं. तिला रडू आवरलं नाही.

 आत आई भाकरी थापत होती, तो आवाज तेवढा येत होता.

"मला बी कळायला पाहिजे होतं," बाबा म्हणाले. "व्होल्टेज कमी तर रेघ लांब. पोरांना बोर्डावर मीच शिकवत आल्तो." त्यांनी हात पुढं केला, तो तिच्या खांद्यावर नीट पडला नाही, मग चाचपत केसांवर आला. "तू तुझे डोळे दाखवले का?"

"माझे?"

"घराण्यात चालतं म्हणले ना डॉक्टर. तुलाबी तपासायला सांगितलं होतं."

सांगितलं होतं. तिनं तेही पुढं ढकललं होतं.

"उद्याच जाऊ," ती म्हणाली.

"उद्या न्हाई. दवाखाना पाचला उघडतो, आजच जाऊन ये." मग आतल्या दिशेनं तोंड करून त्यांनी हाक मारली, "अगं, हिला जेवायला वाढ जल्दी. हिला जायचंय."

प्रीतीनं उठून स्कोप बंद केला. रेघ आक्रसून ठिपका झाली आणि विझली.

"बंद केला का?" बाबांनी विचारलं.

"हो."

"अस्सं," ते म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.