माप चुकलं नव्हतं

तीन दिवस झाले माझ्या धाकट्या बहिणीला मूल होऊन, आणि जो तो मलाच विचारतोय की तिला कळलं कसं नाही. जशी काही मी तिच्या पोटात राहायला होते. शेजारच्या मावशींनी तर विचारायच्या आधीच निकाल लावला. म्हणाल्या, नऊ महिने काय लपतात होय, पोरगी पोटात एक आणि ओठांत एक ठेवणारी निघाली. मी त्यांच्या तोंडावर दार लावलं खरं, पण मनातून मलाही तेच वाटत होतं, म्हणून राग जास्तच येत होता.

झालं ते एवढंच. धाकटी पार्सलच्या गोदामात कामाला आहे, दिवसभर खोकी उचलते. मंगळवारी दुपारी तिची कंबर धरली. मणका सरकला असेल म्हणून मुकादमाने तिला गाडीत घालून दवाखान्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासायला हात लावला आणि म्हणाल्या, ही तर बाळंत होतेय. चाळीस मिनिटांत बाळ बाहेर. मी शिवणाच्या दुकानातून गळ्यात मापाची टेप तशीच ठेवून धावले. पोचले तेव्हा धाकटी भिंतीकडे तोंड करून पडलेली, आणि शेजारच्या पाळण्यात बाळ एकटंच जांभया देत होतं.

आता हिच्या जागी दुसरी कुणी असती तर मी मानलंही असतं. पण हिने मूल व्हावं म्हणून सात वर्षं सुया टोचून घेतल्या होत्या. पाळी एक दिवस पुढे गेली की मला फोन, आली की पुन्हा फोन, आणि रडणं. शेवटी नवरा कंटाळला. पावणेआठ महिन्यांपूर्वी, आता पुरे म्हणून बॅग भरून चालता झाला. तुम्हीच विचार करा, तो जिना उतरला तेव्हा बाळ आत होतंच. त्याला मी कळवलं तर त्याने पहिला प्रश्न विचारला तो, कुणाचं, असा. फोन आपटणार होते, पण फोन माझा होता.

काल डॉक्टरीणबाईंनी मला बसवून समजावलं. म्हणाल्या, असं होतं. कधीकधी मनच ती गोष्ट आत येऊ देत नाही, मग शरीरही साथ देतं. पोट पुढे येत नाही, गर्भाची पिशवी वरच्या बाजूला सरकते, मधूनमधून रक्त जातं त्याला बाई पाळी समजते, बाळ हललं तर वात समजते. ती खोटं बोलत नाहीये, तिला खरंच माहीत नव्हतं. मी म्हटलं, मन म्हणजे काय गोदाम आहे, शटर ओढून घ्यायला? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, तिला तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू नका. झालं, म्हणजे मी एकटीनेच जळायचं.

आज सकाळी समाजसेविकाबाईंनी बोलावलं. दीड खुर्चीची खोली, म्हणजे दुसऱ्या खुर्चीला पाठ नव्हती. बाई माणूस म्हणून बरी, पण हातात अर्ज. त्यांनी सरळ सांगितलं की आईने मुद्दाम लपवलं असेल तर बाळाला तिच्या हाती सोपवता येणार नाही. चौकशी होईपर्यंत ते शिशुगृहात जाईल. आणि लपवलं नसलं तरी तीन दिवसांत तिने बाळाकडे एकदाही पाहिलेलं नाही. परिचारिका बाळ जवळ नेते, ही पाठ फिरवते. उद्या सकाळपर्यंत त्यांना काहीतरी एक लिहावं लागणार होतं.

मग मला विचारलं, तुम्हाला काय वाटतं? बहीण लपवत होती?

मी तयारच होते. म्हटलं, बाई, मी बावीस वर्षं बायकांचे कपडे शिवते. अर्धा इंच माझ्या नजरेतून सुटत नाही. गिऱ्हाइकाला दिवस गेले तर तिच्या सासूच्या आधी मला कळतं. मला कळलं नाही याचा अर्थ हिने ते माझ्यापासून लपवलंच असणार.

"तिचे कपडे कोण शिवतं?" त्यांनी विचारलं.

"मीच," मी म्हटलं, आणि जीभ तिथेच अडखळली.

कारण गोदामाची पँट मीच सैल केली होती. एकदा नाही, दोनदा, दुसऱ्यांदा अडीच महिन्यांपूर्वी. शिवणीच्या आत जास्तीचं कापड असतं, त्याला आम्ही माया म्हणतो, ती दुसऱ्या वेळी सगळी संपली. सदऱ्याची बटणंही सरकवली होती. आणि वर तिला बोलले होते की नवरा गेला म्हणून बसून खातेस, जरा तोंडाला आवर घाल. पोटात काहीतरी गुडगुडतं म्हणाली तर पर्समधली ॲसिडिटीची गोळी काढून दिली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो कळसा मी स्वतःच्या हाताने सैल करून दिला होता.

हे सगळं मी बाईंना सांगितलं. सांगताना कानशिलं तापली. म्हटलं, लिहा, जिचा हात, जिची टेप बहिणीच्या अंगाला लागत होती, तिलाही कळलं नाही. बावीस वर्षांची शिंपीण आंधळी निघाली असं लिहा हवं तर. त्यांनी एवढं मोठं लिहिलं नाही, दोन ओळी लिहिल्या. म्हणाल्या, लपवलं नाही एवढं मी मांडू शकते. पण तिने बाळाला घ्यायला हवं, ते मी लिहून होणार नाही.

धाकटीच्या खोलीत गेले. पाठ माझ्याकडे. बाळ जागं होतं, मूठ चोखत होतं. मी स्टुलावर बसले आणि बाहेर काय झालं ते सांगितलं. तुझ्या बाजूने बोलले हेही ऐकवलं, कारण तेवढा मोठेपणा मला हवा होता. म्हटलं, मी सांगितलं त्यांना की मलाही कळलं नाही.

ती भिंतीशीच बोलल्यासारखी म्हणाली, "ताई, तू दोनदा माप घेतलंस."

"पँट दोनदा सैल केली, तेच सांगितलं मी."

"तसं नाही. दुसऱ्या वेळी. एकदा टेप लावलीस, मग थांबलीस. पुन्हा लावलीस. माझ्या पोटावर हात ठेवलास आणि माझ्या तोंडाकडे बघितलंस. मला वाटलं, आता ताई काहीतरी बोलणार. तू काही बोलली नाहीस. म्हटलं, ताईला तर कळलंच असतं. ती बोलत नाही म्हणजे काही नाही."

खोटं कशाला बोलू? थांबला होता माझा हात. पोट मऊ नव्हतं, खाऊन सुटतं तसं नव्हतंच ते. मला ठाऊक होतं हाताखाली काय आहे. क्षणभरच, पण ठाऊक होतं. आणि लगेच डोळ्यांसमोर तिचे सात वर्षांचे फोन आले. बोलले असते आणि नसतंच निघालं तर? पुन्हा तिला कोण उचलणार, मीच ना? मला तिच्या रडण्याचा कंटाळा आला होता. म्हणून टेप गुंडाळली आणि तोंडाला आवर घाल म्हटलं. दुसऱ्या दिवसापर्यंत मी ते विसरूनही गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या त्या शटरला खालून ओढणारा एक हात माझाही होता, आणि तीन दिवस मी तिच्यावर डाफरत होते.

माफ कर म्हणणार होते, पण ते तिच्या काही कामाचं नव्हतं. ती अजूनही मी काय बोलते याचीच वाट पाहत होती. अडीच महिने उशीर झाला होता. मी स्टूल ओढून भिंतीच्या बाजूला, तिच्या तोंडासमोर नेलं. जागा एवढी कमी की गुडघे पलंगाला टेकले.

"तेव्हा बोलले नाही, ते आता बोलते," मी म्हटलं. "तुला दिवस गेले होते. ते टिकले. तुला मूल झालंय, जिवंत, धडधाकट, आणि ते इथेच आहे. कुणी परत नेणार नाही."

तिने माझ्याकडे बघितलं, सात वर्षं डॉक्टरांकडे बघायची तशी, आणखी काहीतरी वाईट सांगायचं राहिलंय का हे शोधत. मी नजर हलवली नाही. मग हळूच, कमरेला हात धरून ती कूस बदलायला लागली आणि अर्ध्यात थांबली.

"ताई," तिने विचारलं, "काय आहे? मुलगा की मुलगी?"